कोलसाहेबांचे रविवार

आमच्या न्यू जर्सीतल्या गावचं सार्वजनिक वाचनालय दर वर्षी जुनी पुस्तकं विकायला काढतं. शेवटच्या दिवशी तर भाव पिशवीवर असतो. वाण्याकडची एक कागदी पिशवी, तिच्यात मावतील तेवढी पुस्तकं, दोन डॉलर. २००५ साली अशाच एका पिशवीतून एरिक टेंपल बेल या गणितज्ञाचं १९५१ सालचं एक पुस्तक घरी आलं. 'गणित: विज्ञानाची राणी आणि सेविका' अशा अर्थाचं नाव. पिशवीत जागा उरली होती म्हणून घेतलं, हे आधीच कबूल करतो. पण त्यात एक गोष्ट सापडली आणि तिने माझे आणि वाईला असणाऱ्या माझ्या वडिलांचे तीन रविवार खाल्ले.

गोष्ट अशी. ३१ ऑक्टोबर १९०३, शनिवार. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक भरली आहे. एका निबंधाचं नाव आहे 'मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी'. वक्ते कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल, वय ४२, बोलणं मुळातच कमी. नाव पुकारल्यावर ते उठले, फळ्यापाशी गेले, आणि चकार शब्द न काढता खडूने २ चा ६७ वा घात काढू लागले. उत्तर आलं. त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या कोऱ्या भागाकडे सरकून त्यांनी दोन लांबलचक संख्या एकाखाली एक मांडल्या आणि शाळेत करतात तसा उभा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं जुळली. कोलसाहेब जागेवर येऊन बसले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि प्रश्न मात्र कुणीही विचारला नाही.

फळ्यावर होतं ते एवढंच:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ = १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

उजवीकडची संख्या २१ अंकी आहे. आपण लहानपणी एकं, दहं, शतं म्हणत परार्धापर्यंत जात असू, आठवतं? भास्कराचार्यांच्या लीलावतीतही यादी तिथेच संपते. ती १८ घरं. ही संख्या त्याच्याही पुढे तीन घरं जाते, म्हणजे साधारण १४७५ परार्ध. दुसरा हिशेब हवा असेल तर बुद्धिबळाच्या पटाची आणि गव्हाच्या दाण्यांची गोष्ट घ्या. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. पटाला ६४ ऐवजी ६७ घरं असती तर एकूण दाणे बरोबर इतके झाले असते.

गंमत म्हणजे ६४ घरांच्या दाण्यांचे अवयव पाडणं सोपं आहे. ६४ ही संख्याच फुटते, त्यामुळे २ चा ६४ वा घात वजा १ हीसुद्धा फुटते. तिला ३ ने भाग जातो, ५ ने जातो, १७ ने जातो. ६७ मात्र मूळ संख्या. घातांक मूळ असला की वजा १ केलेली संख्याही कधी कधी मूळ निघते. कधी कधीच. सगळी भानगड या 'कधी कधी'ची आहे.

या भानगडीला नाव मिळालं ते माराँ मर्सेन या पॅरिसमधल्या जोगी माणसाचं. हा ख्रिस्ती मठातला साधू. दिवसभर प्रार्थना आणि उरलेल्या वेळात युरोपातल्या यच्चयावत विद्वानांना पत्रं. त्या काळचं चालतंबोलतं टपालखातंच म्हणा ना. १६४४ साली त्याने एका ग्रंथात बिनधास्त विधान करून टाकलं, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हेच मूळ संख्या देतात. कशावरून? ते सांगितलं नाही. वर त्यानेच असंही लिहून ठेवलं आहे की पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सगळा काळ पुरायचा नाही! म्हणजे तपासता येत नाही हे ठाऊक असून यादी दिली. आमच्या धंद्यात अशा यादीला एस्टिमेट म्हणतात.

यादी तपासायला तीनशे वर्षं लागली. ऑयलरने १७७२ मध्ये ३१ बरोबर ठरवला. १८८३ मध्ये उरलच्या बाजूच्या पेर्वुशिन नावाच्या एका रशियन धर्मगुरूने दाखवलं की ६१ राहून गेला आहे. पुढे अमेरिकेत रेल्वेत काम करणाऱ्या पॉवर्सने १९११ मध्ये ८९ आणि १९१४ मध्ये १०७ हे आणखी दोन राहिलेले शोधले. शेवटचा हिशेब १९४७ पर्यंत पुरा झाला. यादीत पाच चुका: तीन घातांक गाळलेले आणि दोन फुकट घुसवलेले. त्या घुसवलेल्या दोनांपैकी एक आपला ६७.

आता इथे एक मेख आहे आणि मला वाटतं सगळ्या गोष्टीचा जीव तिथेच आहे. ६७ चुकीचा आहे हे कोलने शोधलेलं नाही. ते १८७६ मध्येच एदुआर ल्युका या फ्रेंच माणसाने दाखवलं होतं. (हा ल्युका म्हणजे हॅनोईच्या मनोऱ्याचा कोडेवाला. ६४ सोन्याच्या चकत्या आणि काशीचं देऊळ असा मजकूर आपल्याकडे प्राचीन म्हणून फिरत असतो ना, तो १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये रचलेला आहे. मनोऱ्यात ६७ चकत्या घेतल्या तर किमान खेळ्या किती लागतील, हे आता तुम्हीच सांगाल.) ल्युकाने दाखवलं की संख्या फुटते. पण कुठे फुटते, कोणत्या दोन तुकड्यांत फुटते, याचा त्याला पत्ता नव्हता. पुढची २७ वर्षं कुणालाच नव्हता.

हे वाचून मी अडखळलो. अवयव सापडल्याशिवाय संख्या फुटते हे कळेल कसं? ही माझी शंका मी रविवारच्या फोनवर अण्णांपुढे ठेवली. तेव्हा फोन कार्डावर चालत. न्यू जर्सीत सकाळी साडेनऊ म्हणजे वाईत संध्याकाळचे सात. अण्णांनी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलेलं. त्यांना कोलची गोष्ट आवडली, पण पटली नाही.

"एवढा गुणाकार फळ्यावर, तेही सगळ्यांसमोर, आणि तोंडातून शब्द नाही? किती वेळ लागला त्याला?"

"ते बेलने दिलेलं नाही, अण्णा."

"मग करून बघू की. आकडे सांग."

सांगितले. एकेक अंक, दोनदा. कार्डाची चौदा मिनिटं त्यातच गेली.

पुढच्या रविवारी फोन उचलल्या उचलल्या अण्णा म्हणाले, "चुकलंय." चौकटीच्या वहीत त्यांनी गुणाकार मांडला होता. वरच्या संख्येला नऊ अंकी संख्येने गुणायचं. त्यातला एक अंक शून्य, म्हणून आठ ओळी. ७ तीनदा येतो आणि १ दोनदा, म्हणजे खरं काम १, २, ३, ७ आणि ९ एवढ्यांचंच. "सातने एकदा गुणलं की तीच रक्कम तीन ठिकाणी सरकवून लिहायची," असं त्यांनी मला समजावून सांगितलं. कोलने हा फायदा घेतला असणार यात मला शंका नाही. उत्तर आल्यावर अण्णांनी सवयीने नवाचा ताळा करून पाहिला. एका संख्येच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसरीची ६४, म्हणजे पुन्हा १०, म्हणजे १. एक गुणिले एक, एक. उत्तराचाही ताळा १ यायला हवा. त्यांचा आला शून्य.

"कुठेतरी हातचा एक राहिलाय. पण कुठल्या ओळीत ते सापडेना. चार दिवस शोधतोय."

मी मोठ्याने हसलो आणि अण्णा रागावले. त्यांना सांगितलं, की तुम्ही ल्युका झालात. चूक आहे हे ताळ्याने ठामपणे सांगितलं, पण कुठे आहे याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. पलीकडून क्षणभर काही आवाज आला नाही. मग, "म्हणजे त्या ल्युकाचासुद्धा ताळाच होता म्हण की."

होताच. लेमरने १९३० मध्ये सुटसुटीत केलेलं त्याचं रूप चौथीतल्या मुलालाही करता येईल. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागा, बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य उरली तर संख्या मूळ, नाहीतर नाही. घातांक ५ घ्या, म्हणजे संख्या ३१. ४ वरून १४, १४ वरून १९४ म्हणजे बाकी ८, ८ वरून ६२ म्हणजे बाकी शून्य. तीन पायऱ्या, ३१ मूळ. घातांक ११ घेतला तर संख्या २०४७, आणि नवव्या पायरीला बाकी उरते १७३६. शून्य नाही, म्हणून २०४७ फुटते. पण त्या १७३६ कडे कितीही टक लावून पाहिलंत तरी २३ गुणिले ८९ हे उत्तर त्यात दिसत नाही. नवाचा ताळा जुळला तरी उत्तर चुकीचं असू शकतं, ही कसोटी मात्र दोन्ही बाजूंनी पक्की आहे. एवढाच फरक.

मग कोलने ते तुकडे शोधले कसे? बेलच्या गोष्टीत हे नाही आणि माझ्या मते तिथे तिने कोलवर अन्यायच केला आहे. गोष्टीतला कोल मुका असला तरी छापील कोल मुका नाही. सोसायटीच्या बुलेटिनच्या दहाव्या खंडात त्याचा चार पानी निबंध आहे, आणि त्यात पद्धत आहे.

मूळ कल्पना फर्माची. संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता आली की अवयव हातात आले. २०४७ म्हणजे ५६ चा वर्ग वजा ३३ चा वर्ग. बेरीज ८९, वजाबाकी २३, झाले अवयव. ४६ पासून एकेक पुढे जात ५६ ला पोचायला अकरा प्रयत्न पुरतात. आपल्या संख्येसाठी मात्र सुरुवात साधारण १,२१४ कोटींपासून करायची आणि उत्तर बसलंय ३,८१,०१,५९,८२,५०४ वर, म्हणजे ३८ हजार कोटींच्याही पुढे. सेकंदाला एक प्रयत्न केला तरी साडेअकरा हजार वर्षांहून जास्त.

कोलने इथे चाळणी लावली. अशा संख्येचा कुठलाही अवयव १३४ च्या पटीपेक्षा एकने जास्त असतो (१३४ म्हणजे ६७ ची दुप्पट). आणि योगायोग पाहा, त्याचा निबंध बुलेटिनच्या पान १३४ वरच सुरू होतो! एवढ्या एका गोष्टीवरून शोधत असलेल्या संख्येला ६७ च्या वर्गाने भागल्यावर काय बाकी उरेल ते पक्कं होतं. मग ८, ८१, ५, ७, १३ यांनी भागल्यावर काय उरू शकतं आणि काय नाही, हे त्याने वर्गांच्या बाक्यांवरून एकेक करून ठरवत नेलं. सगळ्या चाळण्या एकावर एक ठेवल्यावर उरलं ते असं: शोधायच्या संख्येला १,३२,३५,३६,७६० ने भागलं तर बाकी १,१६,०९,३२,३८४ च असली पाहिजे. आता कोट्यवधी शक्यतांच्या जागी भागाकार ९, १०, ११ असा एकेक वाढवत जायचं. उत्तर २८७ ला आहे. म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास शक्यता. रविवार गेले असतील ते हे शेवटचे पावणेतीनशे तपासण्यात नव्हे, तर चाळणी विणण्यात.

रविवारांचं म्हणाल तर तेही बेलच सांगतो. १९११ मध्ये त्याने कोलला विचारलं, किती वेळ लागला? तर कोल म्हणाला, तीन वर्षांचे रविवार. दीडशेच्या वर रविवार झाले हे.

आता बेलवर विश्वास किती ठेवायचा? १९०३ मध्ये हे महाशय वीस वर्षांचे होते आणि तीन हजार मैलांवर कॅलिफोर्नियात शिकत होते. सभागृहात नव्हतेच. गोष्ट छापली ती अठ्ठेचाळीस वर्षांनी. शिवाय गणितज्ञांची चरित्रं रंगवून सांगण्याबद्दल त्यांची ख्याती आहे. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर १९१२ मध्ये कोलंबियात डॉक्टरेट मिळवताना कोल त्यांचे मार्गदर्शक होते, म्हणजे बातमी घरातलीच.

अण्णांचा हिशेब इथे उपयोगी पडला. तिसऱ्या रविवारी त्यांना चूक सापडली होती, नऊच्या ओळीत. मग सगळा गुणाकार पुन्हा स्वच्छ मांडून घड्याळ लावलं तर लागली बावीस मिनिटं. २ चा ६७ वा घात मी माझ्या वाट्याला घेतला होता. आम्हा प्रोग्रामर लोकांना २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९४९६७२९६, देवाच्या नावासारखा पाठ असतो. त्याचा वर्ग करायचा आणि ८ ने गुणायचं. मला अठरा मिनिटं लागली, तीही पानभर खाडाखोड करून. एकूण चाळीस. तीन वर्षं हेच आकडे ज्याच्या बोटांत आहेत तो अर्ध्या तासात उरकेल. बैठकीत वाचायच्या निबंधाला एवढा वेळ मिळणं अशक्य नाही. अण्णांचा निकाल असा: "घडलं असेल. पण अर्धा तास गप्प बसणारा वर्ग मी कधी पाहिला नाही." माझं मत थोडं वेगळं आहे. टाळ्या आणि मौन यांवर बेलने हात फिरवला असेल, पण रविवारांचं उत्तर मला खरं वाटतं. बढाई मारणारा माणूस एकतर 'सहज जमलं' म्हणतो, नाहीतर 'रात्रीचा दिवस केला' म्हणतो. रविवार मोजून सांगणारा माणूस नोकरी करणारा असतो. कोल शिकवत होता, सोसायटीचा चिटणीस होता, बुलेटिनचं संपादनही त्याच्याचकडे. इथे आल्यावर मलाही कळलं की आठवड्याचे कपडे, वाणसामान, गवत कापणं आणि घरचा फोन वगळला तर रविवारात उरतं किती. त्यातलंच काहीतरी त्याने सोडलं असणार.

१९२० मध्ये कोल या दोन्ही कामांतून निवृत्त झाला तेव्हा मंडळींनी त्याला निधी दिला. त्याने तो सोसायटीलाच परत दिला आणि त्यातून त्याच्या नावाचं पारितोषिक सुरू झालं. अँड्र्यू वाइल्सना ते १९९७ मध्ये मिळालं, मंजुल भार्गवना २००८ मध्ये.

'संख्या फुटते हे कळणं' आणि 'कुठे फुटते हे सापडणं' यांतलं अंतर अजून बुजलेलं नाही. उलट ते वाढलं. पहिलं काम झपाट्याने करण्याच्या युक्त्या होत्याच. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्धच केलं, की कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे नेहमी, खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवता येतं. त्या बातमीने आमच्या ऑफिसातल्या दोनतीन जणांचे चेहरे पडले होते. आता बँकांची कुलुपं उघडणार, असं त्यांना वाटलं. नाही उघडली. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी बनवलेलं ते कुलूप दुसऱ्या कामावर अवलंबून आहे. दोन मोठ्या मूळ संख्या गुणायच्या, गुणाकार चारचौघांत ठेवायचा, अवयव आपल्यापाशी. तो फुटतो हे जगजाहीर आहे. कुठे, ते सांगा. कोलची संख्या आजचा लॅपटॉप डोळ्याचं पातं लवायच्या आत फोडतो. पण २०२० मध्ये २५० अंकी संख्या फोडताना संशोधकांच्या यंत्रांना मिळून सुमारे २,७०० वर्षांइतकं काम करावं लागलं, एका प्रोसेसर कोअरच्या हिशेबात. व्यवहारातली नेहमीची कुलुपं ६१७ अंकी असतात. मी स्वतः बरीच वर्षं अशी कुलुपं बसवण्याचं काम केलं. पगार त्या २७ वर्षांच्या अंतराचाच मिळत होता, असं म्हटलं तरी चालेल.

आणि मर्सेनची यादी आता कुठवर गेली? २०२४ च्या ऑक्टोबरात १३,६२,७९,८४१ हा घातांक सापडला. त्याची मूळ संख्या ४ कोटी १० लाख अंकांहून मोठी आहे. वर्तमानपत्रांत आलं होतं. मला मात्र वेगळ्याच एका संख्येचं आकर्षण आहे. २ चा १२७७ वा घात वजा १. अवघी ३८५ अंकी. ल्युकाच्या कसोटीत ती नापास झालेली आहे, म्हणजे फुटते हे नक्की. तिचा कुठलाही अवयव २५५४ च्या पटीपेक्षा एकने जास्त असणार हेही नक्की. आणि हे लिहितोय तोवर तरी तिचा एकही अवयव कुणाला सापडलेला नाही. मर्सेनच्या जातीतली सापडायची राहिलेली ही सगळ्यात लहान.

अण्णांना हे सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, दोन सारखेच मोठे तुकडे निघाले तर गुणाकाराला ओळी किती? मी म्हटलं, दोनशेला थोड्या कमी. "मग मुकाट्याने नाही जमायचं," अण्णा म्हणाले, "मध्ये पाणी प्यायला थांबावं लागेल."